कमी पावरचं भिंग

आमच्या दुर्बिणीच्या खोक्यावर ‘५२५ पावर’ असं लाल अक्षरात छापलेलं होतं, आणि पुढची सगळी भानगड त्या आकड्यानं केली. माझा त्यात काही हात नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. खोक्यावर कडीवाला शनी होता, चार-दोन धूमकेतू होते आणि आपल्या पोराच्या खांद्यावर हात ठेवलेला एक गोरा बाप होता. तो इतका निर्धास्त हसत होता, की त्याचं लाईटचं बिल दुसरंच कोणीतरी भरत असावं.

बिलाचं मला चटकन सुचतं, कारण दिग्रसला वीज खात्यात मी बिलाच्याच टेबलावर बसतो. लोडशेडिंगचे दिवस होते. गावातली लाईट गेली की लोक खांबाकडे बघत नाहीत, माझ्या घराकडे बघतात. ‘जहीरभाई, काहून घालवली जी?’ असं थेट विचारतात. मी आयुष्यात एकाही माणसाची लाईट घालवलेली नाही. माझ्या हातात फक्त शिक्का असतो आणि त्याचं शाईचं पॅड, तेही बहुतेक वेळा वाळलेलं. पण हे कोणाला पटत नाही, आणि मीही आता पटवत नाही.

दुर्बीण माझ्या मेहुण्यानं, नौशादनं, सौदीहून आणली. मी मागितलं होतं ब्लँकेट. सौदीहून येणारा प्रत्येक माणूस वाघाच्या चित्राचं ब्लँकेट आणतो आणि ज्याच्या घरी ते नाही त्याचे नातेवाईक त्याला विचारत नाहीत असं आमच्या मोहल्ल्यात समजतात. पण त्या वर्षी मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता. पेपरात रोज मंगळ. नौशाद म्हणाला, “दुल्हेभाई, ब्लँकेट तर सारेच आणतेत. तुम्ही शिकलेले आहा.” आता यावर काय बोलणार? मी शिकलेलाच आहे.

तर ऑगस्टातल्या एका उघडिपीच्या संध्याकाळी मी गच्चीवर दुर्बीण लावली आणि सगळ्या गल्लीला मंगळ दाखवला. खोक्यात बारकं काळं भिंग होतं, आयपीस म्हणतात त्याला, म्हणजे आपण डोळा लावतो ते. शिवाय पावर तिप्पट करणारी एक नळी होती. दोन्ही लावलं की पाचशे पंचवीस. आमच्या शेजारी शंकरसिंग राठोड राहतात, त्यांचं बसस्टँडजवळ कृषी केंद्र आहे. ते म्हणाले, “पाचशे पंचवीस लिवलं हाय न खोक्यावर? मंग कमी कायले लावता? पुरी लावा!” मी पुरी लावली. एकेक जण डोळा लावून गेला. “दिसला, दिसला,” सगळे म्हणाले. शंकरसिंगभाऊ तर म्हणाले, “लाल हाय बाप्पा, धगधग करून राह्यला!” अम्मीनंही डोळा लावला आणि म्हणाली, “लय मोठा हाय रे बेटा.” त्या रात्री मी जेवलो ते एखादा शास्त्रज्ञ जेवावा तसा, कमी बोलून.

दुसऱ्या दिवशी नाहिद, म्हणजे माझी बायको, कणीक मळता मळता म्हणाली, “अम्मीले आपल्या पापण्या दिसल्या.”

“कोणाले?”

“अम्मीले. मलेही. शंकरसिंगभाऊले काय दिसलं ते त्यायलेच माहीत.”

मी गच्चीवर जाऊन एकटा खात्री करून घेतली. खरं होतं. त्या भिंगाचं भोक खसखशीच्या दाण्याएवढं. त्यात डोळा घातला की आधी आपल्या पापण्या, मग काळोख. फार नशीब असलं तर मंगळ येतो, थरथर कापतो आणि उशीर झाल्यासारखा पळून जातो. सबंध गल्ली माझ्याशी शिष्टाचारानं खोटं बोलली होती. मी आठ दिवस कोणाशी नीट बोललो नाही. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही, तो भाग वेगळा.

एवढ्यावर दुर्बीण माळ्यावर गेली असती, पण मधे अम्मी आली. आमच्या घरात आम्ही हिंदी, उर्दू आणि वऱ्हाडी यांची खिचडी बोलतो, पण तिचं बोलणं मी इथं वऱ्हाडीतच सांगतो, नाहीतर तुमची आणि माझी दोघांचीही पंचाईत.

माझी अम्मी, आयशाबी, ही आमच्या मोहल्ल्याची चाँद बघणारी. तिला कोणी नेमलं नव्हतं. मशिदीत साक्षी कोणाच्या घेतात, जाहीर कधी होतं, तो मोठ्या लोकांचा कारभार वेगळा. पण रमजानच्या एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या राहून आमच्या गच्चीकडे बघत. अम्मी पश्चिमेकडे तोंड करून उभी. डोळे असे, की चिंचेच्या शेंड्यावरची चिमणी नर का मादी ते सांगेल. ती वरून ओरडली, “दिसला गं बायांनो!” की मगच गल्लीत शेवया भाजायला पडत. तिनं हाक दिली नाही आणि कोणी शेवया भाजल्या, असं झालेलं मला आठवत नाही.

मग तिचे दोन्ही डोळे मोतीबिंदूचे झाले. ऑपरेशनं झाली, जाड चष्मा आला. माणसं दिसतात, भांडी दिसतात, तांदळातला खडा दिसत नाही. मागच्या वर्षी ती गच्चीवर गेली आणि उभीच राहिली. बाकीच्या गच्च्यांवरून आरोळ्या उठल्या, कोणीतरी बोट दाखवलं, तेव्हा तिनं “हो, दिसला” म्हटलं आणि हाक दिली. खाली बायका आधीच घरात गेल्या होत्या. तिनं ते पाहिलं. तेवढं मात्र तिला नीट दिसलं.

यंदा रमजान लागायच्या आधीच ती म्हणाली, “गुडघे दुखतेत माये. मी काई वर येत नाई यंदा.” तिचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत. मला काय झालं कोण जाणे, जेवता जेवता मी बोलून गेलो, “अम्मी, यंदा चाँद पयले तुलेच दाखवीन. दुर्बिणीतून.”

“तुह्या त्या नळीतून?” ती म्हणाली, आणि माझ्या ताटात भाजी वाढली. मला वाटलं विषय संपला. सकाळी दात घासताना ऐकलं, ती कुंपणाच्या भिंतीवरून शंकरसिंगभाऊंच्या हंसाबाईला सांगत होती, “जहीर दाखवतो म्हणते.” आवाजात काहीतरी होतं. माझ्या तोंडातला फेस तसाच राहिला. आता सुटका नव्हती.

मी सराव सुरू केला. आधीच्या चाँदाची चार-पाच दिवसांची कोर आकाशात होती. अर्धा तास धडपडून ती सापडली, आणि सापडली म्हणजे काय, तिचा एक तुकडा सापडला. पूर्ण चाँद त्या भोकात मावेचना. मी धावत जाऊन अम्मीला आणलं. तिनं डोळा लावला.

“काय दिसते?”

“पुसद रोड दिसून राह्यला,” ती म्हणाली. “सारे गड्डेच गड्डे.”

मी म्हटलं, हेच चाँदावरचे खड्डे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू चाँदाचाही ठेका कोणाला गेला हे तिला कळलं आहे. “मले असा नाई पायजे,” एवढंच म्हणून ती खाली गेली.

आता सल्ले. आमच्या गल्लीत सल्ला मागावा लागत नाही, फक्त दार उघडं ठेवावं लागतं. शंकरसिंगभाऊ आले, खुर्ची उलटी करून बसले आणि त्यांनी निदान केलं, “भिंग कमजोर पडून राह्यलं.”

“पाचशे पंचवीसचं आहे, भाऊ.”

“तरी कमजोर पडून राह्यलं. माह्या दुकानावर या एक दिवस. पयले बोंडअळीले एक ढक्कन औषध टाकलं की काम खतम. मंग दोन लागले. आता तीन-तीन औषधं एका टाकीत मिसळतेत लोकं, तरी अळी कपाशीच्या पराटीवर बसून पाह्यते तुमच्याकडे. जमाना भारी औषधाचा हाय, जहीरभाई. हलकं काईच चालत नाई.”

हे बोलताना त्यांचा चेहरा उतरला. त्या वर्षी कापसाची जी दशा होती ती सगळ्या गावानं पाहिली, आणि भारी औषधानं काय झालं तेही पाहिलं. पण सवय अशी पक्की, की गावात कोणत्याही दुखण्यावर एकच उतारा, डोस वाढवा. मोटर पाणी ओढत नाही, जास्त हॉर्सपावर. पोरगं नापास झालं, दुसरी ट्यूशन. चाँद दिसत नाही, आणखी भिंग. भाऊंनी खिशातून अळीची अंडी गिऱ्हाइकाला दाखवायचं आपलं हातभिंग काढलं आणि ते दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर धरायला लावलं. मी डोळा लावला. मला शंकरसिंगभाऊंचा अंगठा दिसला. तोही धुरकट.

अशात एक दिवस ऑफिसात रुपाली मॅडम आल्या. हायस्कूलला विज्ञान शिकवतात. त्यांचं मीटर बंद नसताना बिलावर ‘मीटर बंद’ आलं होतं आणि त्या ज्या आवाजात आल्या तो आवाज नववीच्या वर्गासाठी राखलेला असतो. मी बिल दुरुस्त केलं. माझ्या टेबलावर दुर्बिणीचा कागद पडला होता, तो त्यांनी उचलला. आवाज एकदम खाली आला.

“आयपीस कितीचं आहे?”

“पाचशे पंचवीस.”

“ते खोक्याचं झालं. आयपीसवर काय लिहिलंय?”

“चार मिलिमीटर.”

“अगं बाई!” मॅडम म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. मागे रांग होती, ती गुरगुरली. मॅडमनी रांगेकडे एकदा वळून पाहिलं आणि ती थांबली. “जहीरभाई, हे उलटं असतं. मिलिमीटर जेवढे जास्त तेवढी पावर कमी. आणि तुम्हाला कमीच पाहिजे. जास्त पावर म्हणजे आकाशाचा इवलासा तुकडा, अंधारलेला, त्यात हलणारा. तुम्ही सुईच्या नाकातून चाँद शोधून राह्यले. दारातून शोधा.”

“कमी पावर?”

“पंचवीस-तीस पट. बस.”

पाचशे पंचवीसवरून पंचवीसवर! मला वाटलं, कोणीतरी माझी बढती काढून घेतली. पण बाई वैतागून नव्हे तर मनापासून सांगत होत्या. मी त्यांना अम्मीचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, नागपूर-पुण्याहून मागवायला वेळ नाही, पण शाळेच्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप आहे, त्याचं आयपीस थोडं टेप गुंडाळून दुर्बिणीत बसतं.

ही बातमी गल्लीत माझ्या आधी पोचली. शंकरसिंगभाऊ दारातच म्हणाले, “का जी, कमी पावरचं भिंग आणून राह्यले म्हणे?” आणि मग स्वतःच हसत सुटले, “वीज खात्याचा माणूस! लो व्होल्टेजशिवाय काय मागणार!” हा विनोद पुढच्या दोन दिवसांत मला गल्लीतल्या प्रत्येकानं स्वतःचा म्हणून ऐकवला. दूधवाल्यानं तर दोनदा.

प्रयोगशाळेत मॅडमनी तीन आयपीस काढून टेबलावर ठेवले. त्यांच्यावर आकडे होते पंधरा, दहा आणि पाच. मायक्रोस्कोपच्या आयपीसवर पावर लिहितात, मिलिमीटर नाही, म्हणजे इथं पुन्हा सगळं सुलटं. माझा हात आपोआप पंधराकडे गेला. मी दिग्रसचाच ना शेवटी. मॅडमनी तो हात बाजूला केला. मग मी शहाणपणा करून पाच उचललं, कमी म्हणजे कमी. तेही त्यांनी काढून घेतलं.

“अम्मीचं वय काय?”

“सत्तरच्या पुढे.”

“मग पाच नको. यात उजेडाचा झोत जाड येतो, पण म्हाताऱ्या माणसाची बाहुली तेवढी उघडत नाही. अर्धा उजेड गालावर सांडेल. आणि चाँदही फार बारका दिसेल. दहा घ्या. दुर्बिणीत ते पंचवीस मिलिमीटरचं होतं, अठ्ठावीस पट. चाँद पुरा मावतो, आजूबाजूचं आकाश राहतं, डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र जात नाही.”

मी दहा नंबरचं हातात घेतलं. किती साधी वस्तू! तेवढ्यात दारातून आवाज आला, “नेत्रिका खाली ठेवा.”

मुख्याध्यापक मारोतराव गुल्हाने सर. सर निवृत्तीला आले होते आणि त्यांच्या सबंध नोकरीत शाळेचा एक खडूही हरवला नव्हता, ही त्यांची ख्याती. त्यांनी मला समजावून सांगितलं, की शाळेच्या दप्तरी ‘सूक्ष्मदर्शक, संपूर्ण, नग एक’ अशी नोंद आहे. नेत्रिका हा वेगळा नग नाही. नेत्रिका बाहेर गेली तर मागे राहिलेला नग अपूर्ण. अपूर्ण नगाला जबाबदार मुख्याध्यापक.

“मग पुरा नगच द्या, सर,” मॅडम म्हणाल्या.

“पुरा नग फक्त दुरुस्तीसाठी बाहेर जाऊ शकतो.”

“मग दुरुस्तीला पाठवा.”

“तो बिघडलेला नाही.”

“बिघडला असं लिहा न.”

सरांनी मॅडमकडे अशा दुःखानं पाहिलं, की मीच शरमलो. असला पेच मला नवा नाही. बिलाच्या टेबलावर मी स्वतः लोकांना असंच बोलतो. पण आपण बोलणं वेगळं आणि ऐकून घेणं वेगळं. माझी कानशिलं तापली. मी म्हटलं, “सर, माझी आई आहे. तिला चाँद बघायचा आहे. तुम्हाला शाळा सांभाळायची आहे. मी जातो.” आणि निघालो.

मी फाटकाशी पोचलो तेव्हा सर मागून आले. हळू आवाजात म्हणाले, “प्रात्यक्षिकासाठी नेता येते. मुख्याध्यापकाच्या समक्ष.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी येतो. यंत्र माझ्याजवळ राहील. नेत्रिका आणि यंत्र एका छताखाली पायजे, बाकी मले काई म्हणायचं नाई.”

गच्चीला छत नसतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

एकोणतिसाव्या रोजाला दुपारीच सर आले. काखेत लाकडी पेटी, पेटीत मायक्रोस्कोप. सोबत रुपाली मॅडम. नाहिदनं सरांना चहा विचारला तर म्हणाले, “तुमचा रोजा सुटू द्या, मंग सोबतच घेऊ.” गच्चीवर खुर्ची मांडून ते पेटी मांडीवर घेऊन बसले. मॅडमनी पेटीतून मायक्रोस्कोपचा डोळा काढला, मी ऑफिसच्या काळ्या टेपचे वेढे दिले. आधी जास्त झाले, मग कमी झाले, मग एकदाचं ते भिंग नळीत बसलं. मी दुर्बीण नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीकडे वळवली.

टाकी दिसली! पुरी टाकी. तिची शिडी, शिडीवरचे पारवे, कठड्यावर कोणीतरी वाळत घातलेली बनियान. काहीही न थरथरता. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या नळीनं मला एखादी गोष्ट दाखवली होती. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते लगेच पुसलं, कारण मागे शंकरसिंगभाऊ उभे होते. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, “लहान दिसते जी. यात काय मजा?”

तेवढ्यात दुर्बिणीच्या तिकाटण्याचा, म्हणजे तीन पायांच्या स्टँडचा, एक पाय घसरला. त्याचा स्क्रू सौदी आणि दिग्रसच्या मधे कुठेतरी होता की काय, पण आता नव्हता. भाऊंनी सुतळी सुचवली, सरांनी वीट. दोन्ही करून पाहिलं. शेवटी ठरलं, मी खाली बसून तो पाय दोन्ही हातांनी धरायचा. शिकलेल्या माणसाचं हे काम होतं.

आणि मग अम्मी वर येईना.

मी खाली गेलो. ती पलंगावर बसून तस्बीहचे मणी ओढत होती. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, गुडघे. मी म्हटलं, अम्मी, तुझे गुडघे मला माहीत आहेत. सगळे थांबलेत. शाळेचे हेडमास्तर पेटी मांडीवर घेऊन बसलेत.

“म्हणूनच येत नाई,” ती म्हणाली. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. “इतके लोकं जमा केले तू. मी डोया लावीन, मले काई दिसणार नाई, आन् सारे माह्या तोंडाकडे पाह्यतीन. मंग मले म्हणा लागन, दिसला म्हणून. मागच्या साली म्हटलं, तुह्या मंगळाले म्हटलं. आता नाई, जहीर. रोजा हाय मले.”

मी तिच्या पायाशी बसलो. मग म्हटलं, “नाही दिसला तर नाही म्हण. ओरडून म्हण, सगळ्या गल्लीले ऐकू जाईल असं. मी त्याच वक्ती ती नळी उचलून माळ्यावर टाकतो.”

मग ती चष्मा लावून उठली आणि जिना माझ्या आधी चढली.

मगरिबची अजान झाली. खजूर, पाणी, नमाज. पुन्हा सगळे वर. पश्चिमेला जिनिंगच्या शेडवरून कापसाच्या उडत्या तंतूंची आणि धुळीची पिवळट चादर पसरलेली. गच्च्या भरल्या होत्या, पोरं टाक्यांवर चढली होती, पण कोणालाच चाँद दिसत नव्हता. एक शुक्र तेवढा लुकलुकत होता आणि कोणीतरी त्यालाच चाँद म्हणून ओरडलं, त्याला सगळ्यांनी गप्प केलं. खाली बायका दारात आल्या होत्या. मी पाय धरून बसलो. रुपाली मॅडमनी दुर्बीण शुक्रावर लावली आणि तिथून खाली, हळूहळू सरकवू लागल्या.

नेमकी तेव्हा लाईट गेली.

“जहीरभाई!” दहा गच्च्यांवरून एकदम आवाज आला. “आज तरी ठेवाची होती न!” मी पाय सोडू शकत नव्हतो, नाहीतर उत्तर देण्यासारखं पुष्कळ होतं.

“थांबा, थांबा,” मॅडम पुटपुटल्या. मग श्वास रोखून हळूच बाजूला झाल्या आणि अम्मीचा हात धरून तिला पुढे आणलं. “चष्मा काढा, अम्मी. हा गोल स्क्रू फिरवायचा, साफ होईपर्यंत.”

अम्मी वाकली. मला खालून फक्त तिच्या चपला दिसत होत्या. गच्चीवर कोणी हलेना. सरांनी पेटी छातीशी धरली. मी मनात मोजणं सुरू केलं आणि मधेच आकडे विसरलो.

“अम्मी?”

तिच्या चपला जराशा पुढे सरकल्या.

“अम्मी, दिसते का?”

आता ती नाही म्हणणार, आणि मीच तिला ओरडून म्हणायला सांगितलेलं. नाहिदनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“जहीर,” अम्मी म्हणाली. आवाज अगदी बारीक. “नखाच्या तुकड्याएवढा हाय. पुराच्या पुरा. आन् त्याच्या पोटात बाकीचा गोलही दिसते रे, राखेसारखा. मले कधी दिसला नव्हता तो.”

“हो!” रुपाली मॅडम जवळजवळ किंचाळल्या. “तो खरंच दिसतो! दुसऱ्या कोणाला आज दिसणार नाही साध्या डोळ्यानं!”

हा राखेसारखा गोल अम्मीला कोणी सांगितला नव्हता. मलाही नव्हता. मी तिथंच, पाय न सोडता, मांडी घालून बसलो. हुश्श म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

अम्मी कठड्याकडे गेली नाही. डोळा भिंगाला तसाच ठेवून, मान न वळवता, तिनं हाक दिली, “दिसला गं बायांनो! मुबारक!” खालून एकदम गलका उठला. दुर्बिणीच्या तोंडाची दिशा धरून शंकरसिंगभाऊंनी डोळे बारीक केले आणि तेही ओरडले, “तो पाहा, तो पाहा, शेडच्या वर!” मग एकेका गच्चीवरून आरोळ्या उठत गेल्या. नाहिद शेवया भाजायला धावली. सर उभे राहिले, आणि पेटी काखेत असल्यामुळे एका हातानंच त्यांनी मला मुबारकबाद दिली.

मागे रांग लागली होती. “मौसी, आमालेही पाहू द्या न,” शंकरसिंगभाऊ म्हणाले.

“थांब रे,” अम्मी म्हणाली.

“आयशाबी, नेत्रिका अंधार पडायच्या आत...” गुल्हाने सर म्हणाले.

“सर, तुम्ही चहा घ्या,” अम्मी म्हणाली. तिनं स्क्रू थोडा इकडे फिरवला, थोडा तिकडे. चाँद सरकला की ती मॅडमना खूण करी, मॅडम नळी किंचित ढकलत. मी खाली मान घालून तो तिकाटण्याचा पाय धरून बसलो होतो. हाताला मुंग्या आल्या, मानेला रग लागली, आणि सोडावंसं एकदाही वाटलं नाही.

अम्मीनं डोळा काढला तेव्हा चाँद जिनिंगच्या शेडमागे गेला होता. तिनं चष्मा लावला आणि वाकून मला पाहिलं.

“तू पाह्यला का नाई?”

“कुठं पाहतो अम्मी, मी तर पाय धरून बसलोय.”

“असू दे,” अम्मी म्हणाली. “मी पाह्यला न.”